चौदा थेंब

नव्या घरात आल्यावर तिसऱ्या दिवशी मी पहिली नीट कॉफी केली. अर्धी खोकी अजून सुतळीतच होती, पण ग्राइंडर, काटा, ड्रिपर आणि लांब चोचीची किटली मी मुद्दाम वेगळ्या पिशवीत ठेवली होती. बिया जुन्या घरातून आणलेल्या पाकिटातल्याच, भाजून बारा दिवस झालेल्या. हलक्या भाजलेल्या, धुतलेल्या पद्धतीच्या. आदल्याच आठवड्यात त्यांची कॉफी प्यायले होते, तेव्हा संत्र्याची साल नखाने टोकरल्यावर येतो तसा वास होता आणि घोट गिळल्यावर जिभेवर मधासारखा गोडवा उरत होता.

इथे पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. दळताना वास स्वयंपाकघरभर पसरला होता, तो खोटा नव्हता. पण तोंडात गेल्यावर सगळं विझलेलं. आंबटपणा नाही, गोडवा नाही, नुसती खडूची भुकटी कालवल्यासारखी जड, सपक चव आणि मागे रेंगाळणारा कडवटपणा. मला वाटलं, सामान हलवण्याच्या दमणुकीने जीभच थकली असेल. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच.

पुढचे तीन आठवडे मी काय काय केलं ते सविस्तर सांगते, कारण कॉफी बिघडली की बहुतेक जण याच वाटेने जातात. आधी दळण बारीक केलं. कॉफी अजून कडवट झाली. मग पाण्याचं तापमान तपासलं. कुणी ‘पाण्यामुळे चव बदलते’ म्हटलं की डोक्यात पहिल्यांदा तापमानच येतं. थर्मामीटर ९४ अंश दाखवत होता, म्हणजे तिथे काही चूक नव्हती. ग्राइंडर उघडून पाती साफ केली. मग वाटलं, कॉफी कमी पडते आहे. १५ ग्रॅमच्या जागी १८ घातली, मग २०. आणि शेवटी, याचं मला आजही वाईट वाटतं, बिया भाजून देणाऱ्याला मी लांबलचक मेल लिहिला की यावेळचा घाणा बिघडलाय. त्याने शांतपणे उत्तर दिलं की त्याच घाण्याची कॉफी तो रोज पितो आहे, आणि नवं पाकीट पाठवून दिलं. नव्या पाकिटाची कॉफीही तशीच मेलेली निघाली.

कॉफी वाढवून काही का साधलं नाही, ते आधी सांगते. आपण ‘कडक’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि त्यातून मोठा घोळ होतो. एक कडकपणा म्हणजे कपात कॉफीचा विरघळलेला अंश किती आहे. दुसरी गोष्ट म्हणजे बियांमधून किती अर्क उतरला. दोन्ही एकदमच घडतात, पण गोष्टी वेगळ्या आहेत. माझ्या कपाचंच गणित घ्या. १५ ग्रॅम पूड, २५० ग्रॅम पाणी. भिजलेली पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे ३० ग्रॅम पाणी गाळणीतच राहतं आणि कपात २२० ग्रॅम पडतं. पुडीतला २० टक्के भाग विरघळला तर तो झाला ३ ग्रॅम. २२० मध्ये ३, म्हणजे सुमारे १.३६ टक्के. आपण जिला दमदार कॉफी म्हणतो तिच्यातही १०० पैकी ९८ भागांहून जास्त पाणीच असतं. मी २० ग्रॅम घातली तेव्हा हाच आकडा १.९ च्या आसपास गेला असणार. कप खरोखरच कडक झाला होता. पण जे विरघळत होतं त्याची चवच दबलेली असेल तर ते जास्त प्रमाणात घेऊन काय होणार? जास्त कडक आणि तितकंच सपक, एवढंच.

१९५० च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने या दोन गोष्टी एकाच आलेखावर मांडल्या. उभ्या बाजूला कडकपणा, आडव्या बाजूला अर्क. बियांमधून १८ ते २२ टक्के अर्क उतरावा आणि कपातला अंश १.१५ ते १.३५ टक्क्यांच्या दरम्यान असावा, हा त्याचा मधला चौकोन. तो आलेख कॉफीवाले आजही भिंतीवर लावतात. माझ्याही भिंतीवर होता. मी त्या चौकोनात जाण्यासाठी धडपडत होते, आणि १५ ग्रॅमच्या कपात बहुधा त्याच्या काठावरच होते. पाण्यात आधीपासून काय विरघळलेलं आहे, हे त्या आलेखात दिसत नाही.

नव्या घरात पाणी बोअरचं होतं. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. अंघोळीला साबणाचा फेस होत नव्हता, नळाच्या तोंडाशी पांढरं किटण होतं. शाळेच्या पुस्तकात ‘दुष्फेन’ आणि ‘सुफेन’ असे दोन शब्द होते. परीक्षेसाठी पाठ केलेले ते शब्द इतक्या वर्षांनी हातावर चोळून पाहायला मिळाले. तरीही कॉफीशी मी त्याचा संबंध जोडला नाही. पाणी स्वच्छ दिसत होतं, वास नव्हता, प्यायला थोडं मचूळ होतं इतकंच.

संबंध जोडून दिला माझ्या धाकट्या भावाने. त्याला मत्स्यपालनाचा नाद आहे, काचेच्या मोठमोठ्या टाक्या घरात आहेत. फोनवर मी रडगाणं गात होते आणि बोलता बोलता म्हणाले, “टीडीएस मीटर आणलाय, चारशे तीस दाखवतो. जुन्या घरी एकशे वीस होता.” तो म्हणाला, “ताई, टीडीएस सोड. केएच किती आहे ते सांग.”

मला केएच म्हणजे काय ते माहीत नव्हतं. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. ते क्षार कोणते, हे तो सांगू शकत नाही. कॅल्शियम असो, सोडियम असो, मीठ असो की सोडा, त्याच्या लेखी सगळं एकच. मासे पाळणाऱ्यांना एवढ्याने भागत नाही, म्हणून ते दोन आकडे वेगळे मोजतात. जीएच म्हणजे पाण्यातलं एकूण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजेच पाण्याचा कठीणपणा. केएच म्हणजे अल्कता, आम्ल मारून टाकायची पाण्याची ताकद, आणि ती येते मुख्यतः बायकार्बोनेटमुळे.

रविवारी तो आपली पेटी घेऊन आला. काचेची बोटभर नळी, तिच्यावर पांढरी रेघ, आणि दोन छोट्या बाटल्या. रेघेपर्यंत नळाचं पाणी घेतलं. केएचच्या बाटलीतला पहिला थेंब टाकला, झाकण लावून नळी दोनदा उलटीसुलटी केली. पाणी फिकट निळं झालं. “आता एकेक थेंब टाकत जा आणि मोज,” तो म्हणाला, “निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं.” दोन, तीन, चार. निळं गडद होत गेलं. जुन्या घरापासून तो जवळच राहतो, पाणीही एकाच योजनेचं, आणि त्याच्या वहीत तिथला केएच दोन लिहिलेला होता. मी सहा, सात म्हणत होते तेव्हा तो खिडकीकडे बघत उभा होता. अकरा. बारा. तेराव्या थेंबाला नळीच्या तळाशी पिवळी झाक येऊन गेली आणि हलवल्यावर पुन्हा निळी झाली. चौदाव्याला पाणी पिवळं झालं आणि पिवळंच राहिलं.

एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश, लिटरमागे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या बरोबरीचं. चौदा थेंब म्हणजे जवळपास २५०. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने कॉफीच्या पाण्यासाठी जे लक्ष्य दिलं होतं त्यात अल्कता ४० च्या आसपास हवी. माझ्या पाण्यात ती सहापट होती. जीएच सोळा थेंब निघाला, म्हणजे २८५.

आता हे बायकार्बोनेट कपात करतं काय? कॉफीतला जिवंतपणा आम्लांमधून येतो. सायट्रिक, मॅलिक, क्विनिक, क्लोरोजेनिक, थोडं फॉस्फोरिक. त्यांचा आंबटपणा जिभेला कळतो तो हायड्रोजन आयनांमुळे. बायकार्बोनेट नेमकं त्यालाच धरतं. दोन्ही मिळून कार्बोनिक आम्ल होतं, आणि त्याचं लगेच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. वायू उडून जातो, आंबटपणा गेलेला असतो. हलक्या भाजलेल्या कॉफीत गोडवा उठून दिसतो तोही आंबटपणाच्या आधारावर. आधार काढला की गोडवाही बसतो आणि मागे कडवट, तुरट तेवढं शिल्लक राहतं. माझी जीभ तीन आठवडे जे सांगत होती ते शब्दशः हेच होतं. बिया बिचाऱ्या आपलं काम चोख करत होत्या, पाणी कपातच त्यांचं तोंड दाबत होतं.

इथे पीएचबद्दल एक सांगायला हवं, कारण पाण्याच्या बाटल्यांवर तो आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि लोक त्यावरूनच पाणी निवडतात. कॉफीसाठी पीएचपेक्षा अल्कता महत्त्वाची. दोन पाण्यांचा पीएच साडेसात असू शकतो आणि एकात दुसऱ्याच्या सातपट बायकार्बोनेट असू शकतं. पीएच म्हणजे पाणी या क्षणी कुठे उभं आहे, आणि अल्कता म्हणजे ते तिथून हलायला किती हट्टाने नकार देईल. कॉफीची आम्लं पाण्यात उतरतात तेव्हा गाठ पडते ती या हट्टाशी.

त्याच दिवशी आम्ही चाखून पाहिलं. मला नुसत्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नव्हता, आणि स्वतःच्या जिभेवर तर त्या तीन आठवड्यांनंतर मुळीच नव्हता. भावाने येताना जुन्या घराकडचं पाणी कॅनमधून आणलं होतं. ओतण्याच्या हातामुळे फरक पडू नये म्हणून ड्रिपर बाजूला ठेवला आणि कपिंग केलं, म्हणजे पूड थेट वाटीत भिजवून चमच्याने चाखणं. प्रत्येक वाटीत ८.२५ ग्रॅम जाडसर पूड, वर १५० मिलिलिटर गरम पाणी, चार मिनिटं थांबायचं, मग वर आलेली साय चमच्याने मोडायची. तीन वाट्या, त्यांतल्या दोन एकाच पाण्याच्या, एक वेगळ्या. तळाला खुणा त्याने केल्या, मी खोलीबाहेर. वेगळी वाटी ओळखायची, इतकंच काम. असं पाच वेळा केलं.

पाचही वेळा ओळखली. खरं तर साय मोडतानाच कळत होतं. जुन्या पाण्याच्या वाटीवर वाकले की संत्र्याची साल, बोअरच्या पाण्याच्या वाटीवर वाकले की ओला पुठ्ठा. चमच्याने सुरकन ओढल्यावर तर शंकाच उरत नव्हती. भाऊ कॉफी क्वचित पितो, पण त्यालाही पाचपैकी चार वेळा बरोबर सांगता आलं. घोळ झाला तो एकदाच, वाट्या खूप तापलेल्या असताना. कॉफी जरा निवली की पाण्याचा फरक जास्त स्पष्ट होतो, हे तेव्हापासून माझं निरीक्षण आहे. कढत कॉफीत बरंच काही लपतं.

मग इलाज शोधणं आलं. पहिला विचार, पाणी उकळावं. उकळल्यावर कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिळून चुना बनतो आणि तळाशी बसतो. किटलीत पांढरा थर दिसतो तो हाच. मी दहा मिनिटं खळखळून उकळलं, रात्रभर ठेवलं, सकाळी वरचं निवळ पाणी काढून घेतलं. केएच चौदावरून सहावर आला. चांगलाच फरक, पण सहा म्हणजेही शंभराच्या वर. कॉफी सुधारली, पण खुलली नाही.

दुसरं, सॉफ्टनर. हे मुद्दाम सांगते, कारण यात माझ्यासारखे बरेच जण फसतील. शेजारच्या काकूंकडे अख्ख्या घराला बसवलेला सॉफ्टनर आहे. बसवणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, पाणी एकदम हलकं होणार, चहा-कॉफीची चव सुधारणार. पहिलं अगदी खरं आहे. त्यांच्याकडे साबणाचा फेस मावत नाही आणि किटली आरशासारखी आहे. मी बाटलीभर पाणी मागून आणलं. जीएच पहिल्याच थेंबाला संपला. केएच मोजला आणि पुन्हा चौदा! सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. बायकार्बोनेटला तो हातही लावत नाही. म्हणजे आता पाण्यात खायचा सोडा विरघळल्यासारखंच झालं. त्या पाण्याची कॉफी गाळणीतूनही सावकाश उतरली. नेहमी तीन मिनिटांत होणारी गाळायला सव्वाचार मिनिटं लागली. आणि चव बोअरच्या पाण्याहूनही वाईट, घशात साबणासारखी. काकूंना मी ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, म्हणूनच मी कॉफी सोडली वाटतं!”

तिसरं, सगळंच काढून टाकायचं. आरओचं पाणी, किंवा डिस्टिल्ड. शुद्ध पाणी म्हणजे उत्तम कॉफी, असं वाटणं साहजिक आहे, मलाही वाटलं होतं. डिस्टिल्ड पाण्याची कॉफी केली आणि ती सपक नव्हती, उलट टोकदार होती. आंबट, पण लिंबाचं सत्त्व जिभेवर ठेवल्यासारखं आंबट, त्याला ना गोलाई ना मागे काही. पोकळ. बायकार्बोनेट जास्त झालं तर चव मरते, पण अजिबात नसेल तर आम्लांना आवर घालायला कुणीच उरत नाही. थोडं हवंच.

आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचं काय? यावर २०१४ साली एक शोधनिबंध आला, क्रिस्टोफर हेन्डन आणि लेस्ली व मॅक्सवेल कोलोना-डॅशवूड यांचा. हेन्डन तेव्हा इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात रसायनशास्त्रात काम करत होते आणि मॅक्सवेल कोलोना-डॅशवूड हे ब्रिटनमधल्या बरिस्तांच्या, म्हणजे कॉफी बनवणाऱ्यांच्या, स्पर्धेचे विजेते. कॉफीतली काही आम्लं, कॅफीन आणि लवंगेसारखा वास देणारं युजेनॉल यांना पाण्यातले आयन किती घट्ट धरतात, याची त्यांनी संगणकावर आकडेमोड केली. मॅग्नेशियमची पकड सगळ्यात मजबूत निघाली, मग कॅल्शियम, आणि सोडियम बरंच मागे. ती आकडेमोड रेणूंची होती, कपातली नव्हे. पण माझ्या दृष्टीने त्या निबंधाचं खरं मोल हे की ‘पाणी चांगलं की वाईट’ या मोघम बोलण्याऐवजी कोणता क्षार काय करतो, असं विचारायची सवय त्यातून अनेकांना लागली.

मी घरी पाणी बनवायला लागले ते यानंतर. दोन बाटल्या. एकीत लिटरभर डिस्टिल्ड पाणी आणि २.४६ ग्रॅम एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. दुसरीत लिटरभर डिस्टिल्ड पाणी आणि १.६८ ग्रॅम खायचा सोडा. हे आकडे असे निवडलेत की दोन्ही बाटल्यांची ताकद लिटरला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या बरोबरीची होते, आणि पुढचं गणित तोंडी करता येतं. पहिलीतलं ८० ग्रॅम, दुसरीतलं ४० ग्रॅम, आणि ८८० ग्रॅम डिस्टिल्ड. झालं लिटरभर पाणी, कठीणपणा ८०, अल्कता ४०. एप्सम सॉल्ट औषधाच्या दर्जाचं, खाण्यायोग्य असं लिहिलेलंच घ्या. अंघोळीसाठी मिळतं त्यात सुगंध असतो. खायच्या सोड्याऐवजी बेकिंग पावडर चालणार नाही, तिच्यात इतर गोष्टी असतात.

या दोन बाटल्यांनी मला जितकं शिकवलं तितकं कुठल्याच महागड्या यंत्राने शिकवलं नसतं. कारण आता मी एका वेळी एकच गोष्ट बदलू शकत होते. सोडा ४० वरून २० केला, की कप झळझळीत होतो, जवळजवळ बोचरा. ८० केला की तीच कॉफी मवाळ, शांत, थोडी कोको पावडरसारखी. १२० ला विझायला लागते. हलक्या भाजणीला मला ३० आवडतो. गडद भाजलेल्या बियांमध्ये आम्लं मुळात कमी उरलेली असतात, तरी त्यांच्यासाठी मी ५० पर्यंत जाते, कारण धुरकट बोचरेपणा थोडा बसतो. मॅग्नेशियम वाढवलं की चव भरल्यासारखी होते, पण दीडशेच्या पुढे जिभेच्या कडांना कोरडं, औषधी काहीतरी लागतं. या सगळ्यात पूड १५ ग्रॅमच आणि पाणी २५० ग्रॅमच. तरी आई जास्त सोड्याचा कप पिऊन म्हणायची “पाणचट झालीय” आणि कमी सोड्याचा पिऊन म्हणायची “ही कडक आहे.” दोन्हींत कॉफी सारखीच होती. आंबटपणा मेला की कॉफी पातळ भासते, म्हणून लोक चमचे वाढवत जातात. मीही त्याच मार्गाने २० ग्रॅमपर्यंत पोहोचले होते.

क्लोरिनचं थोडक्यात. ज्यांच्याकडे योजनेचं पाणी येतं त्यांच्या कपात तो वास डोकावतो. साधा क्लोरिन उकळल्यावर किंवा भांडं उघडं ठेवल्यावर बराचसा निघून जातो. क्लोरामाइन वापरत असतील तर तो तसा सहज जात नाही, त्याला सक्रिय कोळशाची गाळणी लागते. पण कोळशाने कठीणपणा किंवा अल्कता कमी होत नाही, तेव्हा ‘फिल्टर लावलाय’ म्हणजे प्रश्न मिटला असं धरून चालू नका. कशाचा फिल्टर ते विचारा.

एस्प्रेसो मशीन असलेल्यांसाठी पाणी आणखी नाजूक विषय आहे. कठीण पाण्याचा चुना बॉयलरमध्ये साचतो आणि अगदी शुद्ध पाण्यात काही मशीनचे पातळी मोजणारे कांडे पाणी आहे हेच ओळखत नाहीत, कारण त्यांना वीज वाहून नेणारे क्षार लागतात. माझ्याकडे मशीन नाही, म्हणून यावर अधिकाराने बोलणार नाही.

रोजच्यासाठी मात्र मी डिस्टिल्ड पाण्याचे डबे आणत नाही. आमच्या ओट्याखाली आरओ आहे, त्याचं पाणी जवळपास रिकामं. हिशोब सोपा निघाला. एक भाग बोअरचं पाणी, पाच भाग आरओचं. अल्कता २५० चा सहावा हिस्सा, म्हणजे ४१ च्या आसपास. कठीणपणा २८५ चा सहावा हिस्सा, ४७. ज्या पाण्याने माझी कॉफी मारली तेच पाणी, सहापट पातळ केल्यावर, तिला हवं होतं ते नेमकं पुरवतं. रविवारी अर्धा लिटर बोअरचं आणि अडीच लिटर आरओचं एका काचेच्या बरणीत मिसळते, आठवड्याला पुरतं. तुमच्या नळाचा केएच मोजा आणि त्याला ४० वर आणायला किती पट पातळ करावं लागेल ते काढा. तो दोन-तीनच असेल तर काही करू नका, तुम्ही नशीबवान आहात. मासे पाळण्याचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात ही थेंबांची पेटी मिळते आणि एक पेटी वर्षभर पुरते. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा, बोअरचं पाणी बदलतं. आमच्याकडे ऑक्टोबरात अकरा थेंब निघाले होते.

बिया भाजणाऱ्याला मी सगळं लिहून कळवलं आणि माफी मागितली. त्याने चौदा थेंबांच्या नळीचा फोटो मागवून घेतला. आता तो पाकिटासोबत चिठ्ठी घालतो, कॉफी सपक लागली तर आधी पाणी तपासा अशी.

घर बदलतानाच्या त्या पहिल्या पाकिटातले ३० ग्रॅम मी रागारागाने फ्रीझरमध्ये टाकून दिले होते. हिशोब जमल्यावर ते काढले, दोन कपांपुरते. पहिला एकटीने प्यायले, खिडकीशी, निवत निवत. संत्र्याची साल होती, मधाचा गोडवाही होता, जरा मंद, पण तोच.

दुसरा भाऊ आल्यावर केला. त्याने एक घोट घेतला, कप नाकाशी नेला, परत एक घोट घेतला आणि खिशातून पेटी काढली. बरणीतलं पाणी नळीत घेतलं, पहिला थेंब टाकला. निळं. दुसरा. निळंच. तिसऱ्याला पिवळं.